पंपघरापर्यंत

बुटांच्या कारखान्यात तिला सगळे आडोसा म्हणत. हजेरी घेताना मुकादम तिचं खरं नाव पुकारायचा, तेव्हा नव्या आलेल्या बायका इकडेतिकडे बघायच्या, ही आणखी कोण?

नाव पडलं ते माळावर. ती उंच होती, खांद्यांनी रुंद होती आणि धावताना तिचं अंग जराही इकडेतिकडे हलत नसे. वारा सुटला की कारखान्याच्या संघातल्या मुली एकेक करून तिच्या पाठीमागे शिरायच्या. "हिच्या मागे दार लावून घेतल्यासारखं वाटतं गं," एकजण म्हणाली. दुसरीने तिथल्या तिथे बारसं उरकून टाकलं. आडोसा हसली. त्या वयात कुणी काही नाव ठेवलं तरी आपल्याकडे लक्ष आहे असंच वाटतं.

संघ बांधला होता मास्तरांनी. मास्तर म्हणजे कातडी कापायच्या विभागाचे फोरमन. तरुणपणी ते स्वतः क्रॉस कंट्री धावलेले. धावणाऱ्या मुलींना कामाची पाळी संपायच्या आधी सोडायचं हे त्यांनी मालकाकडून कबूल करून घेतलं होतं. आडोसा सोल चिकटवायच्या टेबलावर होती. खळीच्या वासाने दिवसभर डोकं जड व्हायचं. मास्तरांची शिट्टी झाली की ती हात पुसून अशी बाहेर पडायची, जसं पाण्यातून डोकं वर काढतंय कुणी.

मास्तरांची लेकही संघात होती. ती छोट्या चणीची, हलक्या पायाची होती आणि शेवटच्या उतारावर तिला धरणं कुणाला जमत नसे. पण त्या उतारापर्यंत पोचायचं म्हणजे आधी उघडा माळ, मग चढण, आणि चढणीच्या माथ्यावर पंपघर. तिथवर वारा समोरून यायचा आणि लेकीचा दम खाऊन टाकायचा. मास्तरांनी दोघींना शेजारीशेजारी उभं केलं, लांबून बघितलं, जवळून बघितलं. मग त्यांनी एक पद्धत बसवली.

शर्यत सुटली की आडोशाने पुढे व्हायचं. लेकीने तिच्या पाठीला चिकटून धावायचं, वर बघायचं नाही, घड्याळ बघायचं नाही, फक्त आडोशाची मान बघायची. "घड्याळ तिच्या पायात आहे," मास्तर लेकीला सांगत, "तू फक्त मागे राहा." पंपघराशी आलं की लेकीने एकच शब्द बोलायचा, "बाजू." तो ऐकला की आडोशाने हात वर करून डावीकडे गवतात उतरायचं आणि लेकीने ताज्या पायांनी उतार गाठायचा.

"ऐकलं की विचार करायचा नाही," मास्तर आडोशाला म्हणाले. "विचार केलास की एक पाऊल वाया गेलं."

हे तिच्या अंगात भिनावं म्हणून ते कुठेही "बाजू" म्हणायचे. जिन्यात म्हणायचे, कँटीनच्या रांगेत म्हणायचे, ती डोक्यावर बुटांची खोकी घेऊन चाललेली असताना म्हणायचे. ती डावीकडे सरकायची. एकदा कँटीनमध्ये ताटासकट भिंतीवर गेली. कालवण तिच्या अंगावर, भिंतीवर, आणि शेजारी बसलेल्या हिशेबनिसाच्या टकलावर. सगळी कँटीन हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली, जसा एखादा माणूस नवं कुलूप दोन-तीनदा लावून बघतो आणि त्याला ते पटतं.

पद्धत चालली. लेक बक्षिसं आणू लागली. आडोशाच्या नावापुढे दर वर्षी एकच शेरा पडायचा : शर्यत अर्धवट सोडली.

पंपघराशी एक म्हातारे राखणदार होते. त्यांना पंपवाले काका म्हणत. शर्यतीच्या दिवशी त्यांच्याकडे काम असायचं ते गळलेल्या मुलींना घोंगडी पांघरायचं आणि त्यांच्या छातीवरचा नंबर काढून घ्यायचं, म्हणजे कोण मागे राहिलं, कुणाला शोधायला जायचं, याचा घोळ होत नसे. काकांची बोटं आखडलेली होती, पण टाचण्या काढायला मोठी तरबेज.

"या, आडोसाबाई. झालं काम?"

"झालं, काका."

"मग घ्या पांघरून. घाम सुकायच्या आत." नंबर तोवर त्यांच्या हातात आलेला असायचा.

दोरखंडाच्या कारखान्याचाही एक संघ होता. त्यांच्या बाईंनी एकदा आडोशाला बाजूला घेऊन विचारलं, आमच्याकडे येतेस का, तुला शेवटपर्यंत धावू देऊ. ही गोष्ट मास्तरांच्या कानावर गेली. त्यानंतर महिन्याच्या आत त्यांनी आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली.

तिच्या आईला खरंच वाटेना. ती बिचारी वसतिगृहात कपडे धुणारी. "मास्तर, पोरगी दिसायला बेताचीच आहे हो," ती आधीच सांगून मोकळी झाली.

"दिसण्याचं काय घेऊन बसलात? पाऊल बघा तिचं. एका मापाचं पडतं."

आईला वाटलं, हे चालचलणुकीबद्दल बोलतायत. तिचे डोळे भरून आले.

मुलगा कोठारात कारकून होता. स्वभावाने गरीब, कुणाचं वाईट न चिंतणारा, आणि चांगलं घडवून आणण्याच्या भानगडीतही न पडणारा. लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा तो एकदा सहज म्हणाला, "बाबा म्हणत होते, बरं झालं, आडोसा घरातच राहिला. नाहीतर दोरखंडवाल्यांनी पळवलाच असता." आपण काय बोललो हे त्याला कळलं नाही. तो कूस बदलून झोपला.

कारखान्याच्या चाळीत त्यांच्या दोन खोल्या. दोहोंच्या मध्ये एवढा अरुंद बोळ की समोरून माणूस आलं तर एकाने भिंतीला पाठ लावायची. भिंतीला पाठ कुणी लावायची हे पहिल्या आठवड्यातच ठरून गेलं. लेकीला आता नावाने हाक मारायची नाही, हेही सासूबाईंनी सांगितलं. "वन्सं म्हणायचं. अहो-जाहो करायचं. माळावरचं माळावर." इतकी वर्षं एका दांडीवर घामाचे सदरे वाळत घातलेल्या दोघी. एक आता "वन्सं, पाणी घ्या" म्हणायची, दुसरी "वहिनी, माझे मोजे कुठे टाकलेस?"

सकाळी सासूबाई लेकीच्या ताटलीत उकडलेलं अंडं ठेवत. सुनेच्या ताटलीत अर्धं.

एकदा तिने धीर करून म्हटलं, "आई, मीही धावते ना?"

"धावतेस की. अर्धं धावतेस, अर्धं खा."

नवरा हसला. वन्संही हसल्या. मास्तरांनी, म्हणजे आता मामंजींनी, वर्तमानपत्र उलटलं. विनोद इतका जमून आला होता की पुढे तो रोजच झाला. सासूबाई नुसत्या सुरी उचलायच्या आणि घर हसायचं.

असा बराच काळ गेला. मग एका थंडीत वन्संच्या टाचेमागची शीर सुजली. मालिश झाली, शेक झाला, पण पूर्वीचा पाय काही परत आला नाही. सरावात आडोशाला आता मागचा श्वास ऐकून आपला वेग आवरता घ्यावा लागे. तिला स्वतःच्या पायांची लाज वाटू लागली, इतके ते पुढे जायला बघत. त्या वर्षी माळावरच्या शर्यतीतून पहिल्या सहाजणी देशाच्या संघात जाणार होत्या. तिला सहा काय, देश काय, कशाचंच विशेष नव्हतं. तिला पंपघराच्या पलीकडचा उतार हवा होता. इतकी वर्षं तिने तो घोंगडी पांघरून वरून बघितला होता, दुसरीच्या पाठीसकट.

एका रविवारी मामंजी दाढी करत असताना ती त्यांच्या आरशात येऊन उभी राहिली.

"मामंजी, यंदा मी शेवटपर्यंत धावू?"

त्यांनी गालावरचा साबण पुसला.

"पंपघरापर्यंत तिला नीट नेशील?"

"नेईन."

"मग पुढे तुझं तू बघ. ती बाजू म्हणणार नाही. मी सांगतो तिला."

ते दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. टेबलावर सोल चिकटवताना ती गुणगुणायची. शेजारची म्हणाली, "काय गं, बाळ-बिळ आहे की काय?" "नाही," ती म्हणाली, "उतार आहे." शेजारणीला काही उलगडा झाला नाही.

शर्यतीच्या दिवशी ती नेहमीसारखी पुढे झाली. वारा समोर होता, वन्सं पाठीला होत्या. चढणीवर मागच्या बऱ्याचजणी गळल्या. माथा आला. पंपघराची पत्र्याची भिंत दिसली, तिच्यापलीकडे आभाळ खाली उतरलेलं दिसलं. आणि पाठीमागून, अगदी मानेजवळून, शब्द आला.

"बाजू!"

तिने विचार केला नाही. विचार करायचा नाही हेच तर शिकली होती. तिला कळलं तेव्हा ती गवतात उभी होती आणि तिचा उजवा हात वर होता. वन्सं पुढे निघून गेल्या होत्या. खांद्यावर घोंगडी पडली.

"या, आडोसाबाई. झालं काम?" काकांच्या बोटांनी शेवटची टाचणी सोडवली.

"काका, नाही! आज नाही!"

"आँ?"

तिने घोंगडी फेकली आणि धावत सुटली. तो उतार ती धावली, पण तिला तो दिसलाच नाही. पुढच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. एकेक मागे टाकत गेली. शेवटच्या रेघेकडे नेणाऱ्या, दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधलेल्या वाटेच्या तोंडाशी तिने वन्संनाही मागे टाकलं. पांढरी रेघ ओलांडली आणि ती गुडघ्यांवर हात ठेवून हसायला लागली, की रडायला, ते तिथल्या कुणाला सांगता आलं नसतं.

नोंद घेणारा बाबू म्हणाला, "नंबर कुठंय?"

"पंपघरावर राहिला."

"मग तुम्हीपण पंपघरावरच राहिलात, बाई. व्हा तिकडे. मागचीला येऊ दे."

आसपासचे हसले. बाबू काही वाईट माणूस नव्हता, सकाळपासून थंडीत उभा होता आणि त्यालाही जरा हसायला हवं होतं. मागची आली. त्या वन्संच होत्या, आणि नोंदीत सहाव्या लागल्या.

घरी जाताना मामंजी म्हणाले, "मी सांगितलं होतं तिला."

"सांगितलं होतं," वन्सं म्हणाल्या. "तोंडातून निघालं गं वहिनी. सवय." मग थोडं चालून झाल्यावर म्हणाल्या, "आणि तू तरी कशाला थांबलीस? तुला ठाऊक होतं ना, आज थांबायचं नाही?"

हेच तिच्या काळजात रुतलं. शब्द त्यांनी उच्चारला, पण पाय तिचे होते.

वन्सं देशाच्या संघातून परदेशी जाऊन आल्या. तिथे त्या फार मागे राहिल्या म्हणे, पण येताना छातीवर बिल्ला शिवलेला एक कोट घेऊन आल्या. घरातही त्या तो घालून बसत. बोळातून जाताना कोटामुळे आणखी जागा लागे. वहिनी भिंतीला आणखी चिकटायची.

पुन्हा थंडी आली. पुन्हा माळ, पुन्हा सहाजणी. वन्संची टाच अधूनमधून ठणकायची, पण मामंजींना लेकीच्या अंगावर आणखी एक कोट बघायचा होता.

"यंदा आपलं नेहमीचंच," ते म्हणाले. "नसते घोळ नकोत."

"बरं, मामंजी."

"नेशील ना नीट?"

"नेईन."

ते सासूबाईंना म्हणाले, "शहाणी आहे पोर. मनात ठेवलं नाही काही." सासूबाईंनी त्या दिवशी तिला अख्खं अंडं दिलं.

शर्यत सुटली आणि आडोसा पुढे झाली. ती सुरुवातीपासूनच जरा जास्त जोरात निघाली. फार नाही. माळावर उभं राहून बघणाऱ्याला कळणार नाही इतकीच. वन्सं मागे होत्या, नजर मानेवर, जशी वर्षानुवर्षं. मधल्या ओढ्यापाशी तिने आणखी थोडं वाढवलं. बाकीच्या मुली मागे पडल्या. त्यांना वेड लागलेलं नव्हतं. दोघीच उरल्या. चढण लागली आणि चढणीवर जिथे ती नेहमी पाऊल आखडायची, तिथे तिने आखडलं नाही.

मागचा श्वास फाटू लागला. ती त्या श्वासाला ओळखत होती. कुठल्या आवाजाला किती दम उरलेला असतो, हे तिच्याइतकं मामंजींनाही ठाऊक नव्हतं.

"वहिनी," मागून आलं. "हळू."

ती हळू झाली नाही.

"वहिनी, हळू गं! पाय!"

तिचा डावा पाय मात्र थरथरत होता. तो एका शब्दाची वाट बघत होता. वन्संनी "बाजू" म्हटलं असतं तर ती गवतात उतरली असती, हात वर केला असता, मागच्या वर्षीसारखी उभी राहिली असती. तिला ते पक्कं माहीत होतं, आणि चढणीवर तिला भीती होती ती फक्त त्याचीच. एका शब्दात वन्संची सुटका होती. पण तो शब्द उच्चारला की पुढे व्हावं लागतं. समोर उघडी चढण, समोरून वारा, आणि पंपघराच्या अलीकडे वन्सं आजवर कधीच एकट्या धावल्या नव्हत्या. त्या पुन्हा "हळू" म्हणाल्या. नंतर नुसतंच "वहिनी" म्हणाल्या.

मग सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. पाठोपाठ एक किंकाळी.

आडोशाने तो आवाज ऐकला. कसला आहे तेही तिला कळलं. तिने मान वळवली नाही. मागच्या मुली येतीलच, त्या बघतील, असं तिच्या मनात आलं. तेही आलं आणि गेलं.

पंपघराशी काका घोंगडी पसरून पुढे झाले. "या, आडोसा—"

ती त्यांच्या हाताखालून निघून गेली. छातीवरचा नंबर तिने मुठीत धरला होता.

उतार तसा साधाच होता. गवत, खडे, मेंढरांच्या लेंड्या. तिने इतकी वर्षं वरून बघितला तेव्हा तो लांबलचक आणि पिवळाधमक दिसायचा. अर्ध्यावर तिचे पाय संपले. वन्संचा दम मोडता मोडता तिने स्वतःचाही मोडला होता. एकेक मुलगी तिला मागे टाकून गेली. दोरखंडवाल्या गेल्या, शाळेतल्या पोरी गेल्या, एक तर धावता धावता नाक पुसत गेली. आडोसा चालू लागली, मग फरफटू लागली. सहाजणी केव्हाच होऊन गेल्या होत्या. रेघ ओलांडली तेव्हा तिथे बघायलाही फारसं कुणी उरलं नव्हतं. कर्ण्यावरून तिचं नाव पुकारलं गेलं. इतक्या वर्षांत ते कधी पुकारावंच लागलं नव्हतं, त्यामुळे पुकारणाऱ्याने ते चुकीचं वाचलं.

दोऱ्यांच्या वाटेत ती नंबर दोन्ही हातांनी झाकून उभी राहिली. बाबूला तो तिच्या बोटांमधून सोडवून घ्यावा लागला.

वन्संची शीर पार तुटली होती. इस्पितळाच्या व्हरांड्यात मामंजी भिंतीकडे बघत बसले होते. ती आल्यावर त्यांनी तिच्या पायांकडे बघितलं, चेहऱ्याकडे नाही.

"पोचलीस?"

"पोचले."

"कितवी?"

तिने सांगितलं. बराच मोठा आकडा होता. मामंजींच्या तोंडून हसल्यासारखा काहीतरी आवाज आला. "एवढ्यासाठी?" ते म्हणाले. पुढे कधीच ते त्याबद्दल बोलले नाहीत, आणि तिच्याशीही कामापलीकडे बोलले नाहीत.

नवऱ्याने घरी गेल्यावर विचारलं, "वारा फार होता ना? तुला ऐकू आलं नसेल."

"काय?"

"ती हळू म्हणत होती ते."

"आलं ऐकू."

त्याने कोठाराच्या किल्ल्या खुंटीवर नीट लावून ठेवल्या, एकदा लावलेल्या पुन्हा काढून लावल्या. "लोकांना सांगताना वाऱ्याचं सांगू," तो म्हणाला.

संघ मोडला. मालकाला मास्तरांच्या लेकीपुरतंच त्याचं अप्रूप होतं. आडोसा सोल चिकटवायच्या टेबलावर पूर्ण पाळी भरू लागली. घरात अंडी येणं थांबलं.

वन्सं उठू-बसू लागल्या, काठी घेऊन चालू लागल्या. कोट आता त्या फक्त थंडीत घालतात. बोळातून काठीचा आवाज आला की वहिनी भिंतीला पाठ लावते. लावायला कुणी सांगत नाही. वन्सं तिच्याकडे न बघता पुढे जातात.

डॉक्टरांनी मालिश सांगितली आहे, आणि ती करायला घरात दुसऱ्या कुणाचे हात तेवढे जोरकस नाहीत. कामावरून आल्यावर वहिनी तेल कोमट करते, खाली बसते आणि वन्संची टाच मांडीवर घेते. जखमेची गाठ अजून तशीच आहे. अंगठ्याखाली ती सुपारीएवढी लागते. एका जागी अंगठा जरा जास्त रुततो, तेव्हा वन्संचे दात आवळले जातात.

"हळू," त्या म्हणतात.

वहिनीचा अंगठा तिथेच थांबतो. ती वर बघते. वन्संही बघतात. मग वहिनी हात सैल करते आणि पुन्हा चोळू लागते, एका मापाने, वरून खाली.